अडगळींतली बर्फगाडी

वाचकहो, गेले चार महिने आम्ही कॅनडा देशांत चिरंजीवांकडे होतों. तेथून पाठविलेल्या लेखांत थंडीचेंच वर्णन फार झालें, अशी तक्रार दोघां-तिघां वाचकांनीं पत्रानें कळविली आहे. तक्रार रास्त आहे. म्हणून या महिन्यांत थंडीस रजा देऊन एका जुन्या यंत्राची हकीकत सांगतों. यंत्र परक्या देशांतलें आणि बर्फावर चालणारें; आपल्याकडे त्याचा उपयोग कांहीं नाहीं. परंतु त्याच्या पायीं आमच्या घरांतला एक तंटा निवळला, आणि मास्तरकीच्या काळांतली आमची एक चूक आम्हांस अडुसष्टाव्या वर्षीं उमगली. तेवढ्यासाठीं ही हकीकत वाचकांपुढें ठेवावीशी वाटते.

क्वेबेक प्रांतांत शेरब्रुक नांवाचें शहर आहे. प्रांताची भाषा फ्रेंच. चिरंजीव तेथें एका कचेरींत संगणकाच्या कामावर आहेत, आणि शहराबाहेर शेतांच्या कडेला त्यांनीं घर घेतलें आहे. नातू सोळा वर्षांचा. शाळेंत फ्रेंच, घरीं मराठी. त्या प्रांतांत शालेय शिक्षण अकराव्या इयत्तेस संपतें हें ऐकून आम्हांस समाधान वाटलें, कारण आम्हीहि जुन्या अकरावीचेच मॅट्रिक. अकरावीनंतर तिकडे ‘सेजेप’ म्हणून एक पायरी असते. तिला दोन वाटा: एक विद्यापीठाकडे नेणारी, दोन वर्षांची, दुसरी एखादें तंत्र हातीं देणारी, तीन वर्षांची. त्यासाठीं मार्चच्या पहिल्या तारखेच्या आंत अर्ज करावयाचा असतो. घरांतला तंटा याच अर्जाचा होता.

मुलगा म्हणे, मला यंत्रांचें काम शिकावयाचें आहे; मी तीन वर्षांच्या वाटेनें जाईन. चिरंजीव म्हणत, आपल्या घराण्यांत चार पिढ्या विद्येच्या झाल्या, पांचवीनें हातांत पाना घ्यावा काय? सूनबाई कांहीं म्हणत नसत. परंतु जेवणाच्या वेळीं बापलेक एकमेकांशीं बोलत नाहींत, हें त्यांस पाहवत नव्हतें. आमचे वडील बंधु सातारला असतात. त्यांच्या कानांवर ही गोष्ट गेली, तेव्हां त्यांनीं आम्हांस आज्ञा केली: “तूं जन्मभर पोरांना शहाणें केलेंस. तिकडे जा, आणि नातवाला चार शब्द सांग.” आम्ही डिसेंबरांत निघालों ते हे चार शब्द बरोबर घेऊन. विमानांत बसून आम्हीं ते नीट जुळवूनहि ठेविले होते.

पण मुलगा घरांत सांपडेना. शाळेंतून आला कीं दप्तर टाकून तो शेजारच्या शेतकऱ्याच्या कोठारांत नाहींसा होई. तिसऱ्या दिवशीं आम्ही कानटोपी, दोन स्वेटर आणि वर चिरंजीवांचा जाड कोट अशा थाटांत त्याच्यामागून गेलों. कोठारांत गवताच्या गठ्ठ्यांमागें एका पिवळ्या गाडीपाशीं मुलगा उकिडवा बसला होता.

बर्फगाडी, म्हणजे तिकडची स्नोमोबिल, ज्यांनीं पाहिली नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. पुढें दोन लोखंडी पट्ट्या, बर्फावर घसरण्यासाठीं. त्या हातांतल्या दांड्यानें वळवितां येतात. मागें चाकांऐवजीं रबराचा एक रुंद अखंड पट्टा, जो रणगाड्याप्रमाणें फिरतो आणि गाडीला ढकलतो. मध्यें मोटारसायकलीसारखी लांब बैठक, आणि पुढच्या टोपाखालीं लहानसें इंजिन. ही गाडी १९७० सालची ‘स्की-डू’ होती; इंजिन एकाच सिलिंडरचें, ३३५ घनसेंटिमीटरांचें. याहूनहि लहान इंजिनांच्या गाड्या घेऊन मिनेसोटाचा एक विमा-व्यावसायिक, राल्फ प्लेस्टेड, एप्रिल १९६८ मध्यें आपल्या सोबत्यांसह बर्फावरून उत्तर ध्रुवावर पोहोंचला होता. आमच्या समोरच्या गाडीनें मात्र पस्तीस हिंवाळे जागा सोडलेली नव्हती. शेतकरीबोवांनीं नवी गाडी घेतली तेव्हां ही कोपऱ्यांत ढकलली, ती तेथेंच राहिली. उंदरांनीं बैठकींतला कापूस नेऊन इंजिनाच्या पंख्याभोंवतीं घर केलें होतें. म्हातारे मुलाला म्हणाले होते, “ही चालू केलीस तर तुझी.”

आम्हीं घसा साफ केला आणि म्हटलें, “बाळ, तुझ्याशीं जरा बोलावयाचें आहे.” तो मान वर न करतां म्हणाला, “आजोबा, आधीं हा दिवा जरा धरतां का? इथें, थोडा खालीं.” आम्हीं दिवा धरला. त्या दिवशीं चार शब्द राहून गेले. दुसऱ्या दिवशीं पुन्हां दिवा धरला. पुढें तेंच आमचें काम होऊन बसलें.

आतां यंत्राचें सांगतों. फार दिवस पडलेलें इंजिन पाहतांच प्रत्येकाच्या मनांत पहिली ऊर्मि येते ती सुरू करण्याची दोरी ओढून पाहण्याची. तीच घातक असते. आंत दट्ट्या, ज्याला पिस्टन म्हणतात, तो सिलिंडराला गंजून धरलेला असला तर हिसक्यानें सिलिंडरावर ओरखडे उठतात आणि दट्ट्याच्या कड्या मोडतात. जें महिन्याच्या मेहनतीनें वांचलें असतें, तें एका क्षणांत फुकट जातें. मुलानें हें कोठेंसें वाचलें होतें. परंतु त्याच्या वडिलांनीं वाचलें नव्हतें. एका संध्याकाळीं चिरंजीव आम्हांस जेवावयास बोलावण्यास कोठारांत आले. “अजून चालू होत नाहीं काय?” असें म्हणत त्यांनीं दोरी धरली आणि मुलगा “बाबा, नको!” म्हणेपर्यंत हिसका दिला. दट्ट्या हालला नाहीं. जुनी दोरी मात्र तुटून हातांत आली. चिरंजीव ओशाळले. ओशाळलेला मनुष्य रागावतो, तसे ते रागावले आणि म्हणाले, “भंगार आहे हें. आणि यापायीं तूं वर्ष फुकट घालवतो आहेस.” मुलगा कांहीं बोलला नाहीं. ते गेल्यावर त्यानें तुटलेल्या दोरीची लांबी मोजून वहींत लिहून ठेविली.

त्या वहीविषयीं सांगितलें पाहिजे. कोणताहि स्क्रू काढण्यापूर्वीं तो त्याची आकृति काढी. कोणती तार कोणत्या तारेखालून जाते तें लिही. काढलेला प्रत्येक भाग अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत क्रमानें ठेवी आणि खणावर आंकडा घाली. अंड्यांच्या खोक्याशीं इतका सहवास आम्हांस त्यापूर्वीं कधींच घडला नव्हता. मात्र ती वही पाहून आम्ही चपापलों. हा मुलगा अभ्यासांत लक्ष घालीत नाहीं असें आम्हांस सांगण्यांत आलें होतें. आम्हीं छत्तीस वर्षें वह्या तपासल्या. इतकी नेटकी वही हातांवर मोजण्याइतक्या मुलांची होती.

दट्ट्या सोडविण्याची रीत अशी. प्लग काढून त्या छिद्रांतून गंज भेदणारें पातळ तेल आंत सोडावयाचें आणि वाट पाहावयाची. रोज एकदां इंजिनाचें जड चाक हातानें, केवळ हातानें, एक केसभर पुढें-मागें होतें का तें पाहावयाचें. न झालें तर आणखी तेल आणि आणखी एक दिवस.

तेल मुरत होतें तेव्हां एका शनिवारीं आम्ही सर्व जण व्हालकूर नांवाच्या गांवीं गेलों. शेरब्रुकपासून तें सुमारें पन्नास किलोमीटर. या गाड्यांचा जनक जोसेफ-आर्मां बोंबार्दिए हा तेथला. मुंबईच्या उपनगरी गाड्यांमुळें ‘बंबार्डियर’ हें नांव आपल्याकडेहि ऐकूं येतें. तें याच मनुष्याच्या कारखान्याचें. त्याचें पहिलें गॅरेज तेथल्या संग्रहालयांत जपून ठेविलें आहे. सूनबाई फ्रेंच पाट्या वाचून आम्हांस मराठींत सांगत होत्या, आणि चिरंजीव, इच्छा नसतांहि, ऐकत होते.

बोंबार्दिए १९०७ सालीं जन्मला. घरांतलीं घड्याळें आणि यंत्रें खोलण्याचा त्याला लहानपणापासून नाद. बापानें शेवटीं एक मोडकें फोर्ड इंजिन त्याला देऊन टाकलें. पंधराव्या वर्षीं, १९२२ च्या अखेरीस, त्यानें भावाच्या मदतीनें तें इंजिन एका घसरगाडीवर बसविलें, मागें विमानासारखा लाकडी पंखा लावला, आणि गांवांतल्या बर्फाच्या रस्त्यावरून ती गाडी चालविली. बापानें तो उघडा फिरणारा पंखा पाहिला, आणि गाडी मोडून टाकण्याची आज्ञा केली. मुलानें पाद्री व्हावें अशी घरच्यांची इच्छा होती. म्हणून त्याला शेरब्रुकच्याच धर्मविद्यालयांत घातलें होतें. सतराव्या वर्षीं त्यानें बापाचें मन वळविलें, विद्यालय सोडलें, आणि तो एका गॅरेजांत उमेदवारी करूं लागला. १९२६ मध्यें, तो एकोणीस वर्षांचा असतांना, त्याच बापाच्या मदतीनें व्हालकूरला त्याचें स्वतःचें गॅरेज उभें राहिलें.

पुढची गोष्ट वाचतांना सूनबाईंचा आवाज अडखळला. १९३४ च्या हिंवाळ्यांत बोंबार्दिएचा दोन वर्षांचा मुलगा पोटांतल्या आंत्रपुच्छाच्या दाहानें आजारी पडला. रस्ते बर्फानें बंद. इस्पितळ दूर. बर्फावर चालणारी गाडी हा मनुष्य वर्षांनुवर्षें घडवीत होता, पण त्या दिवशीं ती सुटी होऊन गॅरेजांत पडलेली होती. मूल गेलें. त्यानंतर त्यानें दांतेरी चाकानें फिरणारा रबरी पट्टा सिद्धीस नेला, आणि १९३७ मध्यें त्याचें पेटंट मिळविलें. सात माणसें बसतील अशा बंद बर्फगाड्या तो करूं लागला. डॉक्टर, टपाल, शाळेचीं मुलें यांची हिंवाळ्यांतली ये-जा अशा गाड्यांतून होऊं लागली. १९४८ मध्यें प्रांताच्या सरकारनें हमरस्त्यांवरील बर्फ काढण्याचें ठरविलें, आणि त्या मोठ्या गाड्यांची मागणी ओसरली. तेव्हां त्यानें एकट्या-दुकट्यासाठीं हलकी गाडी केली. तीच १९५९ ची स्की-डू. १९६४ मध्यें तो वारला.

परततांना मोटारींत कोणीच बोललें नाहीं. आम्ही खिडकीबाहेर पाहत होतों, पण डोळ्यांपुढें होतें तें आमच्या शाळेंतलें भिंतीवरचें घड्याळ.

ही गोष्ट आम्हीं आजवर कोणास सांगितली नाहीं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका खेडेगांवच्या शाळेंत आम्ही होतों. शाळेचें घड्याळ बंद पडलें होतें. आठवींतला एक मुलगा, सुताराचा, मधल्या सुट्टींत बाकावर चढला. त्यानें घड्याळ उतरविलें आणि खोललें. आम्ही वर्गांत आलों तेव्हां त्याच्या पुढें रुमालावर चाकें ओळीनें मांडलेलीं होतीं. आम्हीं त्याला छड्या मारल्या आणि रुमालासकट सगळें उचलून कपाटांत टाकलें. तो म्हणत होता, “गुरुजी, मला फक्त लावूं द्या, लागतंय तें.” आम्हीं लावूं दिलें नाहीं. घड्याळ पुन्हां कधीं चाललें नाहीं. मुलगा महिन्याभरांत शाळेंतून गेला. इतकीं वर्षें आमची समजूत अशी कीं, घड्याळ त्यानें मोडलें. व्हालकूरहून परत येतांना प्रथमच ध्यानांत आलें कीं, तें आम्हीं मोडलें. त्यानें चाकें ओळीनें मांडलीं होतीं. आमच्या नातवानें अंड्यांच्या खोक्यांत मांडलीं होतीं तशींच.

दट्ट्या नवव्या दिवशीं सुटला. चाक केसभर हाललें, मग बोटभर, आणि मग एक पूर्ण फेरा घेऊन परत जागेवर आलें. मुलानें वरचें झांकण काढून आंत पाहिलें: सिलिंडरावर गंजाचा पातळ डाग, खोल जखम नाहीं. या जातीच्या इंजिनांत तेल निराळें नसतें. तें पेट्रोलांतच मिसळावें लागतें. जुन्या यंत्रांना वीस भागांस एक भाग असें प्रमाण सांगितलेलें असे. तें विसरून नुसतें पेट्रोल घातलें तर इंजिन कांहीं मिनिटांत जळून धरतें. पण याच गुणामुळें शेवटच्या दिवसाच्या तेलाचा ओशटपणा आंत राहिला होता, आणि त्यानें पस्तीस वर्षें राखण केली होती.

पुढें मुलाची पद्धति पाहून आमचें जुनें शास्त्र जागें झालें. तो म्हणाला, “आजोबा, इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: दाब, ठिणगी आणि इंधन. एका वेळीं एकच तपासायची.” दाब दट्ट्या सुटल्यावर मिळाला. नवी दोरी ओवून ओढतांना हाताला तो जाणवत होता. ठिणगीसाठीं त्यानें प्लग छिद्रापासून दूर, इंजिनाच्या धातूला टेकवून धरला आणि दोरी ओढली. कांहीं दिसलें नाहीं. जड चाकाच्या खिडकींतून आंतले पॉईंट, म्हणजे ठिणगीसाठीं उघडणारे-मिटणारे दोन लहान तुकडे, त्यानें तपासले. त्यांवर राखाडी पुट चढलें होतें. अगदीं बारीक कागदानें तें घांसलें, स्वच्छ फडक्यानें पुसलें, आणि दोहोंमधील फट सुमारें ०.४ मिलिमीटर जुळविली. पुन्हां दोरी ओढली. निळी ठिणगी! आम्ही दिवा विझवून ती दोनदां पाहिली.

उरलें इंधन. टांकींतलें जुनें पेट्रोल काढलें तें चहाच्या रंगाचें, आणि वास रोगणाचा. पेट्रोल फार दिवस राहिलें कीं त्यांतला उडून जाणारा भाग जातो आणि मागें लाखेसारखा चिकटा उरतो. तो कार्ब्युरेटराच्या बारीक छिद्रांत बसतो. या कार्ब्युरेटरांत पेट्रोल उपसणारे रबरी पडदे असतात. ते उन्हांत वाळलेल्या पापडासारखे झाले होते. नळ्या हात लावतांच तुटल्या. हे सगळे भाग नवे टपालानें मागविले. जुन्या गाड्यांचे शौकीन तिकडे इतके आहेत कीं, अर्ध्या शतकापूर्वीच्या यंत्राचे रबरी पडदे आजहि विकत मिळतात. ते येईपर्यंत मुलानें एक परीक्षा केली. प्लगच्या छिद्रांतून तेल मिसळलेल्या पेट्रोलाचे चार थेंब थेट आंत सोडले, प्लग बसविला, आणि दोरी ओढली. इंजिन दोन क्षण गरजलें आणि बंद पडलें. मुलगा हंसून म्हणाला, “म्हणजे बाकीचं सगळं ठीक. फक्त इंधन येत नाहीं.”

वाचकांपैकीं ज्यांनीं तर्कसंग्रह पढला असेल त्यांस अन्वय-व्यतिरेक आठवेल: एक गोष्ट असतां दुसरी घडते, आणि ती नसतां घडत नाहीं; यावरून कारण ठरवावयाचें. पाठशाळेंत आम्हीं तें धूर आणि अग्नि यांच्या उदाहरणावरून घोकलें होतें. हा मुलगा तेंच, धूर आणि अग्नि दोन्ही प्रत्यक्ष घेऊन, करीत होता. विद्येच्या चार पिढ्या संपून पांचवी पाना धरणार, असें चिरंजीव म्हणत. आम्हांस तर विद्याच पाना धरून बसलेली दिसूं लागली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत नवे पडदे बसले. कोठाराचीं दोन्ही दारें सताड उघडलीं, कारण बंद जागेंत इंजिनाचा धूर प्राणघातक असतो. गाडीचा मागचा भाग ओंडक्यावर उचलून ठेविला, म्हणजे पट्टा फिरला तरी गाडी धांवणार नाहीं. वेग देणारी तार सोडली कीं आपोआप परत येते हें चार वेळां तपासलें. शेतकरीबोवा, सूनबाई आणि आम्ही असे तीन प्रेक्षक होतों. पांचव्या ओढीस इंजिन सुरू झालें! पांढरा धूर, कानठळ्या बसविणारा आवाज, आणि तो आवाज चढतच चालला. मुलानें वेग दिला नव्हता, तरी चढतच चालला. आम्हांस वाटलें, वा, काय जोम आहे! मुलानें मात्र तत्काळ कळ दाबून इंजिन बंद केलें. त्याचा चेहरा उतरला होता.

कारण त्यानें मग समजावून सांगितलें. या जातीच्या इंजिनांत पेट्रोल-हवेचें मिश्रण आधीं दट्ट्याखालच्या पोटांत जातें आणि तेथून वर येतें. म्हणून तें पोट हवाबंद असावें लागतें. दांड्याच्या दोन्ही टोकांशीं रबरी कडीं असतात. तीं वाळून कडक झालीं कीं भलत्याच वाटेनें हवा आंत शिरते. हवा फार, पेट्रोल थोडें, आणि पेट्रोलाबरोबर येणारें तेलहि थोडें. इंजिन तापतें आणि भरधांव पळतें. पाहणाऱ्यास तो जोम वाटतो. प्रत्यक्षांत तो ज्वर असतो, आणि आणखी थोडा वेळ चाललें तर दट्ट्या वितळतो. उपाय एकच: इंजिन गाडींतून उतरवून, उघडून, कडीं बदलणें. म्हणजे महिन्याभराची सगळी जुळवाजुळव पुन्हां पहिल्यापासून.

त्या रात्रीं मुलगा जेवला नाहीं. आम्हांस वाटलें, आतां सोडील. दुसऱ्या दिवशीं दिवा घेऊन आम्ही कोठारांत गेलों तों तो वहीचें मागलें पान उघडून पहिला बोल्ट सोडवीत होता. जड चाक हातोडीनें ठोकून निघतें, असें शेतकरीबोवा म्हणाले. मुलानें मान हलविली आणि ओढून काढण्याचें हत्यार त्यांच्याच पेटींतून शोधून काढलें. चार दिवस रात्रीं नऊ-नऊ वाजेपर्यंत काम चाललें. बाहेर पारा शून्याखालीं वीस. आमचे हात थरथरूं लागले आणि दिवा हलूं लागला.

चौथ्या रात्रीं मागून कोणीतरी आमच्या हातांतून दिवा घेतला. चिरंजीव होते. “बाबा, तुम्ही घरीं जा,” ते म्हणाले, “मी धरतों.” आम्ही दारापर्यंत गेलों आणि थांबलों. बराच वेळ दोघांपैकीं कोणी बोललें नाहीं. मग चिरंजीवांनीं विचारलें, “हें कडें उलटं बसलं तर काय होईल?” मुलगा म्हणाला, “त्याची कड दाबाच्या बाजूला पाहिजे. हें बघा.” आणि चिरंजीव वांकून पाहूं लागले. आम्ही घरीं आलों. सूनबाईंनीं दोघांचीं पानें झांकून ठेविलीं होतीं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारीं इंजिन पुन्हां सुरू झालें. या वेळीं आवाज चढला नाहीं. तें एका संथ ठेक्यानें चालूं लागलें, वेग दिला तर चढे, सोडला तर उतरे. ओंडक्यावर पट्टा फिरवून पाहिला. रबराला बारीक चिरा होत्या, पण तो टिकला. इंजिनाचा जोर पट्ट्यापर्यंत नेणारा आंतला रबरी बेल्ट एकाच आकारांत वाळला होता, तो अगोदरच बदललेला होता. मुलानें शेताला एक फेरी घातली, आणि मग गाडी वडिलांपुढें आणून उभी केली. “बाबा, बसा.” चिरंजीव बसले. आम्हांसहि आग्रह झाला. पण आमच्या बैठकीचा कापूस उंदरांनीं नेला नसला तरी वयानें नेला आहे, असें सांगून आम्हीं सुटका करून घेतली.

अर्ज दोन दिवसांनीं गेला. तीन वर्षांच्या वाटेचा. चिरंजीवांनीं आपल्या हातानें त्यावर सही केली. ते पूर्ण सुखी आहेत असें आम्ही म्हणणार नाहीं. “दुसऱ्या वाटेनें गेला असता तर बरें,” असें ते अजून म्हणतात, आणि त्या मार्गानें पुढें मिळकत काय, मान काय, याची काळजी बापानें करूं नये तर कोणीं करावी? ही काळजी खोटी नाहीं. परंतु जेवतांना आतां दोघे बोलतात, आणि बहुधा कार्ब्युरेटराविषयीं बोलतात. वडील बंधूंनीं सातारला पोहोंचतांच विचारलें, “सांगितलेस का चार शब्द?” आम्हीं खरें तें सांगितलें. शब्द आम्हीं नेले तसे परत आणले आहेत.

वाचकहो, आपल्या घरीं बर्फगाडी नसेल. पण माळ्यावर आजीचें शिवणयंत्र असेल, विहिरीवर बंद पडलेलें ऑईल इंजिन असेल, ओसरीवर वडिलांची जुनी मोटारसायकल असेल. तीं टाकून देण्यापूर्वीं एक करून पाहावें. हिसका देऊं नये. तेल सोडून थांबावें. काढलेलें ओळीनें मांडावें, आणि एका वेळीं एकच गोष्ट तपासावी. आणि घरांतल्या एखाद्या मुलानें आपणहून तें उघडलें असेल, तर त्याच्याच हातून तें पुन्हां जोडलें जाईपर्यंत वडीलमाणसांनीं रुमाल उचलूं नये. फार तर दिवा धरावा.